म्यानमारवरचे निर्बंध कसे सैल झाले आणि परत कसे आवळले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मशीद बंदरला कडधान्यांच्या आयातीची कागदपत्रं बघतो. ब्रह्मदेशचा उडीद आणि तूर हा आमचा रोजचा विषय. त्यामुळे त्या देशावरच्या निर्बंधांचं काही अडलं की लोक मला विचारतात: दाणाबाजारातले व्यापारी, जव्हेरी बाजारातले एक-दोन ओळखीचे, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त क्रम लावलाय.

१. म्यानमार, बर्मा, ब्रह्मदेश हे एकच ना? मग कागदांवर वेगवेगळं का दिसतं?

एकच. १९८९ मध्ये लष्करी सरकारने इंग्रजी नाव बदलून 'बर्मा'चं 'म्यानमार' आणि 'रंगून'चं 'यांगोन' केलं. ज्यांना ते सरकारच मान्य नव्हतं त्यांनी नावही मान्य केलं नाही. अमेरिकेच्या कायद्यांत आणि आदेशांत अजून 'बर्मा'च असतं. आपल्याकडे ब्रह्मदेश हे नाव टिकलं ते लोकमान्यांच्या मंडालेमुळे आणि रत्नागिरीच्या थिबा राजामुळे. काळ्या यादीत (ज्यांच्याशी व्यवहार बंद, त्यांची यादी) एखादं नाव शोधायचं असेल तर दोन्ही नावांनी शोधा, एवढंच लक्षात ठेवा.

२. मुळात निर्बंध लागले कशासाठी? एकदम लागले का?

एकदम नाही. दर वेळी तिथल्या लष्कराने काहीतरी भयंकर केलं की एक थर चढायचा.

१९८८ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, लष्कराने गोळ्या घातल्या. १९९० ची निवडणूक आँग सान सू ची यांच्या एनएलडी पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा घेऊन जिंकली, पण सत्ता दिली नाहीच. युरोपने शस्त्रबंदी घातली, १९९६ पासून लष्करी अधिकाऱ्यांना व्हिसा बंद केला. १९९७ मध्ये वेठबिगारीच्या कारणावरून तिथल्या मालाची आयात शुल्कातली सवलत काढली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने नवी गुंतवणूक बंद केली. 'नवी' हा शब्द महत्त्वाचा आहे: यादाना वायुक्षेत्रात आधीच पैसे घातलेली अमेरिकी कंपनी तिथेच राहिली.

३० मे २००३ ला देपायिन इथे सू ची यांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि अमेरिकेने सगळी आयातच थांबवली. २००७ मध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले, त्यांना झोडपलं. मग युरोपने लाकूड, धातू आणि रत्नांवर बंदी घातली, अमेरिकेने २००८ मध्ये माणिक आणि जेड (हिरवं रत्न) यांच्यासाठी वेगळा कायदा केला (प्रश्न ९). म्हणजे २०११ साली सोडवायला बसलं तेव्हा हातात एक गाठ नव्हती, गुंताच होता. त्यातले काही धागे संसदेने केलेल्या कायद्याचे, काही राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाचे, आणि प्रत्येक सोडवायची रीत वेगळी.

३. संयुक्त राष्ट्रांनी का नाही घातले? आणि भारताने?

सुरक्षा परिषदेत जानेवारी २००७ मध्ये ठराव आला होता, निर्बंधांचा नव्हे, नुसत्या निषेधाचा. चीन आणि रशियाने नकाराधिकार वापरला. त्यामुळे जे होतं ते अमेरिका, युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचं आपापलं.

भारताने कधीच घातले नाहीत. १९८८ नंतर आपण उघडपणे लोकशाहीवाद्यांच्या बाजूने होतो, सू ची यांना नेहरू पुरस्कारही दिला. पण नव्वदच्या दशकात दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतलं: ईशान्येतले बंडखोर, लांबच लांब सीमा, चीन, नैसर्गिक वायू. तत्त्वाला धरून होतं असं मी म्हणणार नाही. पण आमचा उडीद त्या काळातही बंद पडला नाही, हेही खरं.

४. 'शिथिल केले', 'स्थगित केले', 'उठवले'. वर्तमानपत्रं तिन्ही एकाच अर्थाने वापरतात. फरक आहे का?

आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

शिथिल म्हणजे निर्बंध जागेवरच, पण त्याला भोक पाडलं. अमेरिकेने जुलै २०१२ मध्ये 'सर्वसाधारण परवाने' काढले तो हा प्रकार: कायदा तसाच, पण अमुक प्रकारचा व्यवहार केला तर तो मोडला असं धरणार नाही. परवाना एका सहीने मागे घेता येतो.

स्थगित म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं बाजूला. युरोपीय संघाने एप्रिल २०१२ मध्ये शस्त्रबंदी सोडून बाकी सगळं एका वर्षासाठी स्थगित केलं. मुदत संपताना पुन्हा ठरवायचं.

उठवले म्हणजे संपलं. परत लावायचे तर पहिल्यापासून सुरुवात. युरोपने हे २२ एप्रिल २०१३ ला केलं, अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०१६ ला.

५. मानवी हक्कांत नेमकी काय प्रगती झाली होती? की नुसता देखावा?

नुसता देखावा म्हणणं अन्यायाचं होईल. थेन सेन हे जुने जनरल मार्च २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा कुणालाच आशा नव्हती. त्यांनी ऑगस्टमध्ये सू ची यांना भेटायला बोलावलं. सप्टेंबरमध्ये चीनच्या पैशाने चाललेलं म्यित्सोन धरण थांबवलं. कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता दिली. वेठबिगारी संपवायचा आराखडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर केला. १ एप्रिल २०१२ ला ४५ जागांची पोटनिवडणूक झाली, एनएलडीने ४३ जिंकल्या, आणि या वेळी निकाल पाळला. २० ऑगस्ट २०१२ पासून छपाईपूर्वीची सेन्सॉरशिप बंद झाली. त्याआधी साप्ताहिकांची पानं सेन्सॉरकडे जायची आणि लाल शाईच्या फुल्या घेऊन परत यायची. एप्रिल २०१३ मध्ये खासगी दैनिकं निघाली.

मोबाइलचंही सांगतो, कारण ते मी माझ्या धंद्यात पाहिलं. एके काळी तिथे एका सिमकार्डाला हजार-दोन हजार डॉलर मोजावे लागत. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि सिम दीड हजार च्यातला (च्यात हे तिथलं चलन), म्हणजे दीड डॉलरला मिळायला लागलं. तोवर यांगोनचे दलाल आम्हाला फॅक्स करायचे. मग अचानक गोदामातून उडदाचे फोटो यायला लागले.

जे बदललं नाही ते मात्र मुळातलं होतं. २००८ च्या राज्यघटनेप्रमाणे संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराच्या, आणि घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात. हिशेब तुम्हीच करा. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सेनापती नेमणार. या अटींना २०१६ पर्यंत कुणी हात लावला नाही.

६. 'सगळे राजकीय कैदी सोडा' ही अट होती ना? पण राजकीय कैदी कोण हे ठरवतं कोण?

हा प्रश्न एका मुलीने मुलाखतीच्या तयारीसाठी विचारला होता आणि तो मला सर्वांत चांगला वाटतो.

१३ जानेवारी २०१२ ला ६५१ कैदी सोडले. त्यात १९८८ च्या आंदोलनाचे मिन को नाइंग होते. त्यांना ६५ वर्षांची शिक्षा झाली होती. त्या सुटकेनंतर लगेच अमेरिकेने राजदूत नेमायची घोषणा केली. कैदी मोजता येतात, छायाचित्रात दिसतात, म्हणून तेच प्रगतीचं माप झालं.

पण माप घट्ट नव्हतं. सरकारचं म्हणणं, आमच्याकडे राजकीय कैदी नाहीतच, गुन्हेगार आहेत. अहिंसक कार्यकर्त्याला विनापरवाना परकीय चलन बाळगल्याबद्दल आत टाकलं असेल तर तो कोण? सशस्त्र गटाला भात पोचवणारा शेतकरी कोण? २०१३ च्या फेब्रुवारीत सरकार आणि माजी कैदी यांची एकत्र समिती नेमली ती यासाठीच.

आणि सुटका म्हणजे तरी काय? बऱ्याच जणांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ खाली सोडलं. ही संहिता १८९८ ची, इंग्रजांची. आपल्याकडेही १९७३ पर्यंत हीच होती, तेच कलम, तोच क्रमांक. त्यात शिक्षा रद्द होत नाही, अटीवर स्थगित होते. अट मोडली असं सरकारला वाटलं की माणूस उरलेली वर्षं भोगायला परत आत. म्हणजे सू ची यांच्या देशावरचे निर्बंध स्थगित, आणि त्या बदल्यात सोडलेल्या कैद्यांची शिक्षाही स्थगितच. प्रश्न ४ मधला फरक इथे पुन्हा वाचावा.

शिवाय एका दाराने माणसं बाहेर येत होती तेव्हा दुसऱ्या दाराने आत जात होती. मार्च २०१५ मध्ये लेतपदानला विद्यार्थ्यांना लाठ्यांनी मारून पकडलं. ते सुटले एप्रिल २०१६ मध्ये, सू ची सरकारात आल्यावर. पण मग त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर २०१७ मध्ये, रॉयटर्सच्या दोन बातमीदारांना शासकीय गुपितांच्या कायद्याखाली अटक झाली. तो कायदा १९२३ चा. आपल्याकडे अजून आहे.

७. कोणता निर्बंध कोणत्या क्रमाने सुटला, एका जागी सांगाल का?

अमेरिकेचा क्रम असा. जुलै २०१२: बँकिंग सेवा आणि नवी गुंतवणूक खुली. पण संरक्षण मंत्रालयाशी व्यवहार नाही, आणि पाच लाख डॉलरहून जास्त गुंतवणूक केली तर मानवी हक्क, जमीन, लष्कराशी संपर्क यांबद्दल अहवाल द्यायचा. नोव्हेंबर २०१२: आयात खुली, माणिक आणि जेड सोडून. त्याच महिन्यात ओबामा यांगोनला गेले. जुलै २०१३: २००३ च्या कायद्यातली आयातबंदी संपली, रत्नांची बंदी ऑगस्टमध्ये वेगळ्या आदेशाने पुढे चालू. डिसेंबर २०१५: बंदरांसाठी खास परवाना (प्रश्न ८). ऑक्टोबर २०१६: सगळंच.

युरोपचा क्रम दोनच पायऱ्यांचा, तो प्रश्न ४ मध्ये आला. जुलै २०१३ पासून त्यांनी शुल्कमुक्त आयातही परत दिली, आणि यांगोनच्या कपड्यांच्या कारखान्यांना त्याचा खरा फायदा झाला.

८. निर्बंध शिथिल झाले म्हणतात, तरी बँक पैसे का अडवते?

कारण देशावरचा निर्बंध सुटला तरी माणसांची यादी राहते. अमेरिकेच्या अर्थखात्याचा नियम: यादीतल्या माणसाची ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या कंपनीशीही व्यवहार आपोआप बंद, तिचं नाव यादीत असो वा नसो. ऑगस्ट २०१४ पासून बेरीजही धरतात. एका काळ्या यादीतल्या शेठचे ३० टक्के, दुसऱ्याचे २५, झाले ५५, कंपनी बाद. भागधारकांची नोंद धड नसलेल्या देशात ही बेरीज करायची कुणी?

याचं टोक २०१५ मध्ये गाठलं. यांगोनचं सर्वांत मोठं टर्मिनल एशिया वर्ल्ड या गटाचं, आणि गटाचा मालक यादीत. कपडे घ्या, तांदूळ घ्या, देशाचा निम्माअधिक माल तिथूनच चढायचा-उतरायचा. न्यूयॉर्कच्या बँकांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी व्यापाराचा पतपुरवठा थांबवला. एका माणसासाठी लावलेल्या निर्बंधात अख्ख्या देशाचा व्यापार अडकला. ७ डिसेंबर २०१५ ला खास परवाना निघाला तेव्हा मोकळं झालं.

त्याच सुमाराला आमचंही डॉलरमधलं एक पेमेंट तीन आठवडे लटकलं, कारण डॉलर जातात ते न्यूयॉर्कच्या बँकांतूनच. बँकेतून (नाव सांगत नाही, माणसं चांगली होती) विचारणा: माल कोणत्या टर्मिनलवरून चढला? बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या मालपावतीवर) नुसतं 'यांगोन'. दलालाला फोन, दलालाचा जहाज कंपनीला फोन, शेवटी लेटरहेडवर दोन ओळी आल्या. उडीद तोवर न्हावा शेवाला येऊन डेमरेज (उशिराचा दंड) खात पडलेला. ते डेमरेज कुणी भरलं हे विचारू नका.

९. बर्मी माणिक बँकॉकहून घेतलं तर चालत होतं का?

जव्हेरी बाजाराचा लाडका प्रश्न. २००३ च्या बंदीत पळवाट होती: मोगोकचा (बर्मी माणकांच्या खाणी तिथल्या) खडा थायलंडमध्ये पैलू पाडून आला की तो थायलंडचा माल धरला जायचा. २००८ च्या कायद्याने ती बुजवली. दगड निघाला कुठे ते बघायचं, कापला कुठे ते नाही. ही बंदी फक्त अमेरिकेत माल नेणाऱ्याला. मुंबईत विकणाऱ्याला कधीच नव्हती, पण जयपूरहून न्यूयॉर्कला दागिना पाठवणाऱ्याला होती.

रत्नांची बंदी सगळ्यांत शेवटी उठली याला कारण आहे. माणिक आणि जेडच्या खाणी लष्कराच्या कंपन्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या हातात. इंग्रजांनी १८८५ मध्ये थिबाला उचलून पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच्या कारणांतही मोगोकची माणकं होतीच. ऑक्टोबर २०१६ मध्ये बंदी उठली तेव्हा खाणींचे मालक बदललेले नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये सरकारी रत्न महामंडळ पुन्हा यादीत आलं.

१०. रोहिंग्यांवरची हिंसा २०१२ मध्येच सुरू झाली होती. तरी सवलती थांबल्या का नाहीत?

थांबल्या नाहीत, हे लाजिरवाणं आहे. जून आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये राखाइन प्रांतात वस्त्या जळल्या, लाखाहून अधिक लोक छावण्यांत गेले. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात मुसलमानांवर हल्ले झाले. महिन्याभरात युरोपने निर्बंध कायमचे उठवले.

माझं मत: प्रगतीची यादी सू ची यांच्याभोवती बेतलेली होती. कैदी, निवडणूक, वर्तमानपत्रं. ज्यांना नागरिकत्वच नव्हतं ते त्या यादीत बसत नव्हते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा अमेरिका आणि युरोपकडे वापरायला फारसं काही उरलं नव्हतं. एकेका अधिकाऱ्यावर निर्बंध लावत बसावं लागलं. सेनापती मिन आँग ह्लाइंग यांच्यावर अमेरिकेची व्हिसाबंदी आली जुलै २०१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी.

११. मग २०१६ मध्ये सगळं उठवणं चूक होती का?

दुसरी बाजू आधी. निवडून आलेलं सरकार होतं, आणि सू ची यांनी स्वतः वॉशिंग्टनला जाऊन उठवायला सांगितलं. तिथे लोकशाही आली आणि तिलाच दारिद्र्यात ठेवायचं, असं कुणी कसं म्हणणार?

तरी माझ्या मते चूक होती, उठवण्याची नव्हे, क्रमाची. देशाचे निर्बंध काढायला हवेच होते. पण त्याच झटक्यात लष्कराच्या दोन मोठ्या कंपन्या, एमईएचएल आणि एमईसी, यादीतून निघाल्या. बिअरपासून बँकेपर्यंत आणि खाणींपासून बंदराच्या जमिनीपर्यंत त्यांचा पसारा. घटनेतल्या २५ टक्क्यांना हात न लावता हे देऊन टाकलं. आमच्या बाजारात माल उतरल्याशिवाय शेवटचा हप्ता कुणी देत नाही.

१२. २०२१ च्या बंडानंतर निर्बंध परत लागायला किती वेळ लागला?

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराचं बंड, १० फेब्रुवारीला अमेरिकेचा आदेश, २५ मार्चला त्या दोन्ही कंपन्या यादीत. कागद भरभर हलले. परिणाम तसा नाही: तेल आणि वायू महामंडळावर युरोपने २०२२ मध्ये निर्बंध लावले, अमेरिकेने त्याच्या वित्तीय सेवा बंद केल्या २०२३ अखेर. परकीय चलनाचा मोठा नळ तोच होता.

१३. निर्बंधांचा मार शेवटी गरिबालाच बसतो ना?

२००३ च्या आयातबंदीत बसला. यांगोनच्या शिलाई कारखान्यांतल्या हजारो मुलींची कामं गेली, जनरलना वायूचे पैसे थायलंडकडून मिळतच राहिले. म्हणूनच २०२१ नंतरचे निर्बंध देशाऐवजी कंपन्या आणि माणसांवर आहेत. पण प्रश्न ८ वाचलात तर कळेल, बँकेला हा फरक करत बसायचा नसतो.

१४. निवडणूक झाली. आता परत शिथिल होणार का?

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने मतदान सुरू झालं, लष्कराच्या देखरेखीखाली. एनएलडी २०२३ मध्येच विसर्जित केलेली, सू ची कोठडीत, देशाचा मोठा भाग लढाईत. २०१२ शी तुलना करणाऱ्यांनी प्रश्न ५ मधली यादी घेऊन एकेका ओळीवर खूण करावी. मला एकही करता आली नाही. तरी जुलै २०२५ मध्येच अमेरिकेने लष्कराच्या जवळच्या काही उद्योजकांची आणि कंपन्यांची नावं यादीतून काढली होती. कुठल्याही मोजमापाशिवाय सूट मिळू शकते, हे त्यातून दिसलं. कैद्यांची मोजणी सदोष होती, पण मोजणी तरी होती.

१५. मी उडीद-तूर आणतो. मला यातलं काय लागू आहे?

आयातीला भारताची आडकाठी नाही. उलट २०२१ मध्ये दोन सरकारांत करार झाला: पाच वर्षं दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. जानेवारी २०२४ पासून रुपया-च्यातमध्ये थेट पैसे देण्याची सोय आहे, पंजाब नॅशनल बँकेतल्या खास व्होस्ट्रो खात्यातून (परदेशी बँकेचं इथलं रुपयांतलं खातं). तिथे न्यूयॉर्कचा संबंध येत नाही. डॉलरने देणार असाल तर येतो. जून २०२३ पासून तिथल्या दोन सरकारी बँका, परकीय व्यापार बँक आणि गुंतवणूक व वाणिज्य बँक, अमेरिकेच्या यादीत आहेत. विकणाऱ्याचं खातं कुठल्या बँकेत आहे ते सौदा करण्याआधी विचारा, नंतर नाही.

टर्मिनलही विचारा. अदानींनी यांगोनला बांधलेल्या टर्मिनलची जमीन एमईसीकडून भाडेपट्ट्याने घेतलेली होती. २०२१ च्या बंडानंतर त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये ते तीन कोटी डॉलरला विकलं. मोठ्यांना निघायला दोन वर्षं लागली. तुमचा कंटेनर दोन आठवडे अडकला तरी हंगाम जातो, म्हणून बिल ऑफ लेडिंगवर नुसतं 'यांगोन' चालवून घेऊ नका, टर्मिनलचं नाव लिहून घ्या.